मनीने पाय चाटले आणि…

आमच्याकडे घट बसायच्या आधी घर धुऊन निघालंच पाहिजे, हा सासूबाईंचा नियम. वाईत गंगापुरीतलं आमचं घर जुनं. माजघर, पडवी, मागे अंगण आणि अंगणाला लागून मोरी. माजघर चकचकीत करणं सोपं, पण मोरी! पावसाळाभर झुरळांनी तिथे संसार थाटलेला असतो. गेल्या वर्षी मी ठरवलंच की यंदा एकही झुरळ शिल्लक ठेवायचं नाही. काळ्या फिनेलची नवी बाटली आणली, बादलीत पाणी घेऊन त्यात झाकणभर घालायचं सोडून बाटली तशीच मोरीत पालथी केली. म्हटलं, पाणी कशाला, जितकं कडक तितकं चांगलं.

तेव्हा साडेअकरा वाजले होते. मोरीचं दार वास जावा म्हणून उघडंच ठेवलं. आणि मी फराळाच्या भगरीचे डबे उन्हात घालायला गेले.

थोड्या वेळाने पाहते तर आमची मनी पडवीत बसून एकेक पाय वर करून मन लावून चाटतेय. मनी म्हणजे आमची तिरंगी मांजर, वय चार, वजन साडेतीन किलो, स्वभाव सासूबाईंसारखा. (हे त्यांना माहीत आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.) मी सासूबाईंना हाक मारून म्हटलंसुद्धा, "बघा, घरात सगळ्यांची साफसफाई चाललीय!" आम्ही दोघी हसलो. आज आठवलं की अंगावर काटा येतो. कारण मनी त्या मोरीतून पालीच्या मागे धावत आली होती आणि आमच्या डोळ्यांदेखत पायाचं फिनेल पोटात घालत होती.

वीस-पंचवीस मिनिटांत तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. पुढच्या पंजाने सारखी तोंड पुसायची. जवळ घेतलं तर तोंडाला फिनेलचा वास! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग जे झालं ते तुमच्याही घरी झालं असतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मिठाचं पाणी पाज, उलटी होऊन सगळं पडून जाईल." शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "मीठ नको गं, दूध-तूप दे, विष मारतं ते." मी भांबावले. दूध हाताशी होतं म्हणून वाटीत ओतलं. मनीने तोंड फिरवलं. मी तिचा जबडा धरून चमच्याने घातलं. तिला ठसका लागला, दूध नाकातून बाहेर आलं आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. सासूबाई तोवर मिठाची बरणी घेऊन उभ्या.

नशीब म्हणजे लसीच्या निमित्ताने गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता. ते एका वाडीवर गाईच्या बाळंतपणाला गेलेले, गाय अडलेली. तरी फोन उचलला. मागून गाईचं हंबरणं ऐकू येत होतं.

"वहिनी, काही पाजलंत का?"

"दूध… चमचाभर. आणि आता मिठाचं पाणी—"

"थांबा. मीठ बिलकूल नाही, दूध नाही, तूप नाही. उलटी करवायची नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आधी."

बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकलेली. ती काढून, चष्मा शोधून, बारीक अक्षरं वाचून दाखवली.

"बरं. आता तिचे पाय धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. चारही पाय, पोटाखाली, शेपटीला लागलं असेल तर तिथेही. तिच्या पोटात फिनेल जातंय ते पायांवरनं जातंय. पाय तसेच ठेवले तर मी इथून औषध देऊन काय उपयोग? धुतल्यावर कोरडं करा, उबेत गुंडाळा, चाटू देऊ नका आणि दवाखान्यात घेऊन या. येताना बाटली आणा."

इतकं साधं! पण त्या घोळात ते सुचलं मात्र नव्हतं. आम्ही तिघी तिच्या तोंडात काय घालायचं यावर भांडत होतो आणि ती तिकडे पलंगाखाली बसून पुन्हा पाय चाटत होती.

मांजराला अंघोळ घालणं म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. मी हातात दुधाच्या मोठ्या पिशव्या घालून मनगटाला रबर लावले, कारण फिनेल आपल्याही कातडीला पोळतं. सासूबाईंनी जुन्या टॉवेलात मनीला पुरणाच्या करंजीसारखं गुंडाळलं आणि एकेक पाय बाहेर काढून दिला. पंज्याच्या बोटांमधल्या केसांत तो काळपट तेलकट थर बसला होता. दोनदा साबण, तीनदा पाणी. माझ्या दंडावर तीन ओरखडे आले ते अजून आहेत. काकूंनी भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट आणून दिले. एकावर एक पालथा घालून परकराच्या नाडीने बांधला, झाली मांजराची पालखी. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "कोंबडी आहे का?"

दवाखान्यात डॉक्टर यायला पाऊण तास लागला. तोवर तिथल्या परिचरांनी तिला ऊब दिली, हिरड्यांचा रंग पाहिला. मनीची मान लटपटत होती, मागच्या पायांना मधूनच झटका यायचा. डॉक्टर आले ते कोपरापर्यंत हात धूतच. गाय आणि वासरू दोघं सुखरूप होती म्हणे. मग सलाइन, उलटी थांबायचं इंजेक्शन, जिभेवर आलेल्या फोडांना औषध. काळ्या फिनेलवर हा उतारा असं एकच औषध नाही, शरीराला धरून ठेवायचं आणि वाट पाहायची, असं ते म्हणाले.

सलाइन चालू असताना मी त्यांना विचारलं, "पण डॉक्टर, आमच्या शेजारचं कुत्रं तर फिनेलच्या ओल्या फरशीवर लोळतं, त्याला काही होत नाही."

कुत्र्यालाही बाधतंच, ते म्हणाले, पण मांजराची गोष्टच वेगळी. आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी आजवर कुठे ऐकलं नव्हतं. आपल्या यकृतात नको असलेल्या औषधाला, रसायनाला साखरेपासून बनलेलं एक आम्ल चिकटवलं जातं. ते चिकटलं की ती वस्तू पाण्यात विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. निरोप्याच्या हाती चिठ्ठी द्यावी तसं. हे काम करणारं एक महत्त्वाचं विकर मांजराच्या शरीरात बनतच नाही. त्याचा जनुक मांजरकुळात फार पूर्वीच निकामी झालाय. वाघ-सिंहातसुद्धा. पिढ्यान्‌पिढ्या नुसतं मांस खाऊन जगणारा प्राणी. झाडपाल्यातली विषारी द्रव्यं पचवायची वेळच फारशी आली नाही, म्हणून असं झालं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे फिनेलमधला फिनॉल, निलगिरीसारखी तेलं, आपली काही औषधं मांजराच्या अंगात तासन्‌तास तशीच फिरत राहतात आणि पोळत राहतात.

"आणि वहिनी," ते सलाइनचा थेंब कमी करत सहज म्हणाले, "मांजराला ताप आला तर आपली तापाची गोळी कधी देऊ नका हं. पॅरासिटामॉल. अख्खी एक गोळी मांजराला मारायला पुरते, कधी कधी त्याहून कमीही."

मी काहीच बोलले नाही. परिचर म्हणाले, "ताई, बसा. घाबरू नका, वाचेल ती." त्यांना वाटलं मी मनीसाठी रडतेय.

मैत्रिणींनो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. २००९ साली आमच्याकडे बाळ्या नावाचा बोका होता. पांढराशुभ्र, एका कानावर काळा ठिपका. माझी लेक तेव्हा चौथीत. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बाळ्याला उचलायची. डिसेंबरात तो एकदा मारामारी करून आला, अंगाला हात लावला तर तापलेला. रविवार होता. माझ्या मनात आलं, पोरीला देते तशीच देऊ या. पाचशेची गोळी अर्धी मोडली, कुटून दुधात घातली. संध्याकाळी बरं वाटेना म्हणून उरलेली अर्धीही दिली. रात्री त्याचं तोंड सुजलं, पंजे सुजले. धाप लागली. हिरड्या गुलाबी असतात ना मांजराच्या, त्या चॉकलेटी झाल्या. लघवी काळपट. पहाटे देवघराच्या उंबऱ्याशी गेला तो.

लेकीला सांगितलं की त्याने बाहेर विषारी उंदीर खाल्ला. सगळ्यांना तेच सांगितलं. मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर, सोळा-सतरा वर्षांनंतर, कळलं की विष मीच वाटीत कालवून दिलं होतं. पॅरासिटामॉलने मांजराच्या रक्तातला तांबडेपणाच बिघडतो, रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबवतं. म्हणून त्या हिरड्या चॉकलेटी. आणि वाईट याचं वाटतं की त्यावर उतारा आहे. ॲसिटिलसिस्टीन. माणसांच्या दवाखान्यातही असतं ते. पहिल्या काही तासांत गाठलं असतं तर…

असो. घरी येऊन मी एक वही केली. डॉक्टरांना त्यानंतरच्या फेऱ्यांत विचारून विचारून भरली. त्यातलं तुम्हाला उपयोगी पडेल ते सांगते. घरात मांजर नसेल तरी वाचा, कारण आळीतलं एखादं तरी तुमच्या स्वयंपाकघरात येतंच.

सर्वांत आधी उलटीचं. माणसाने विष घेतलं की मीठपाणी पाजून उलटी काढतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मांजराला मीठपाणी पाजलं तर मीठच रक्तात चढून झटके येतात. वर फिनेल, संडासचं ॲसिड, कपड्यांचं ब्लीच ही पोळणारी द्रव्यं. जाताना अन्ननलिका एकदा भाजली, उलटीने परत वर आणली की दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल आणि टर्पेंटाइन तर त्याहून वाईट. उलटी होताना त्यातलं थेंबभर जरी फुप्फुसात उतरलं तरी निमोनिया होतो. साबणाच्या पाण्याचा फेस तसाच श्वासनलिकेत जातो. उलटी करवायचीच असेल तर ती डॉक्टर इंजेक्शनने करवतात, आणि तीही काय खाल्लंय ते पाहून. घरी मुळीच नाही. तोंडात बोट घालणं, हायड्रोजन पेरॉक्साइड पाजणं, काही म्हणून नाही.

दुधाचंही तसंच. दूध विष मारत नाही. मोठ्या मांजरांना ते धड पचतही नाही. डांबरगोळीसारखी चरबीत विरघळणारी वस्तू पोटात असेल तर दूध-तुपाने ती अंगात लवकर भिनते. आणि घाबरलेल्या, लाळ गाळणाऱ्या मांजराच्या घशात चमच्याने काहीही ओतलं की ते श्वासनलिकेत जायचं भय, मनीच्या नाकातून दूध आलं तसं. कोळशाची पूड देतात असंही कुणीतरी सांगेल. दवाखान्यातला कोळसा वेगळा, खास बनवलेला. बंबातला कुटून देऊ नका.

तेव्हा करायचं काय? मांजर तिथून उचलायचं, एका खोलीत बंद करायचं. अंगावर काही लागलं असेल तर धुवायचं. मांजर जीभ म्हणजेच टॉवेल समजतं, अंगावरचं सगळं शेवटी पोटात जातं, म्हणून धुणं हेच अर्धं औषध. ऑइलपेंट किंवा डांबर लागलं असेल तर ते काढायला चुकूनही रॉकेल-टर्पेंटाइन घेऊ नका. तेवढे केस कात्रीने कापा. मग फोन. बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, जे असेल ते हातात घेऊन फोन करायचा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार: काय, किती, कधी, वजन किती. उलटी केली असेल तर ती डबीत भरून न्यायची. किळस वाटते, पण डॉक्टरांना त्यातून समजतं. आणि 'आता बरी दिसतेय, उद्या बघू' हे करायचं नाही. काही विषं दोन-तीन दिवस गप्प बसतात.

उंदराच्या औषधाचं तर नक्कीच. बाजारात रंगीत वड्या मिळतात त्यातलं ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही. पहिले दोन-तीन दिवस मांजर अगदी ठणठणीत. मग एकदम मरगळतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त. यावर व्हिटॅमिन के-१ हे चांगलं औषध आहे, पण ते काही आठवडे द्यावं लागतं. असे मेलेले उंदीर खाऊनही मांजराला बाधतं. दुसरी ती काळपट पूड, कणकेच्या गोळीत घालून ठेवतात ती, झिंक फॉस्फाइड. ही पोटातल्या आम्लात भिजली की विषारी वायू सुटतो. म्हणून अशा वेळी खायला-प्यायला काही देऊ नका, अन्न गेलं की आम्ल वाढतं. आणि रिक्षाच्या किंवा गाडीच्या काचा उघड्या ठेवा. मांजराने उलटी केली तर तो वायू आपल्यालाही बाधतो.

मी ब्लाउज शिवते, त्यामुळे दोऱ्याचं मला वेगळं सांगायचंय. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, दोरा एकदा जिभेवर चढला की तिला तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. गजऱ्याचा दोरा, राखीचा दोरा, मांजा, सगळं तेच. तोंडातून किंवा मागच्या बाजूने दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका! आपल्याला वाटतं सुटेल. आत त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असतं, आणि ओढलेला दोरा आतडं पातळ सुरीसारखं कापतो. सुई असेल तर विचारूच नका. तसंच उचलायचं आणि डॉक्टरकडे. मी आता रात्री मशीन झाकताना रिळं मोजून डब्यात टाकते, बॉबिनसकट.

बाकी आपल्या कपाटात काय काय आहे ते पाहिलं तर मला स्वतःलाच नवल वाटलं. साड्यांतल्या डांबरगोळ्या, मांजराला साड्यांच्या घडीत झोपायला आवडतं आणि डांबरगोळीने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आरतीचा कापूर. डोकेदुखीचा बाम, ज्यातलं सॅलिसिलेट मांजराला पचत नाही. आपण बाम लावून झोपतो आणि ते येऊन कपाळ चाटतं. पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक, जे आपण बिनधास्त तिच्या जखमेवर ओततो. त्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतलेली बरी. मुंग्यांचा खडू. कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध, त्यातलं परमेथ्रिन. ते मांजराला लावलं तर काही तासांत अंग थरथरून झटके येतात, आणि बाटलीवर कुत्र्याचं चित्र असतं ते उगाच नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा. आणि हल्ली लग्नाकार्यात बुके येतात त्यातली मोठी कर्ण्यासारखी लिली, जिचे परागकण हाताला तपकिरी लागतात. तिचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, नुसते पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट बघू नका, पहिल्या काही तासांतलं सलाइनच तिला वाचवतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात डॉक्टर कुठे? खरं आहे. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींमागे वाड्या-वस्त्या फिरत असतात, आणि त्यांना मांजराच्या बारीक शिरेत सुई घालायची सवय असतेच असं नाही. तरी फोन करा, फोनवरचा सल्लाही पुष्कळ असतो. १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा टोल-फ्री नंबर आहे, मुख्यतः जनावरांसाठी; पण जवळ कोण डॉक्टर आहे ते विचारायला काय हरकत? मोठ्या उपचारांसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने असतात. आम्हाला खंबाटकीपलीकडे शिरवळ जवळ. मराठवाड्यातल्या मैत्रिणींना परभणी नि उदगीर, विदर्भात नागपूर, अकोला. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर सगळ्यांना ठाऊकच आहे. हे नंबर आजच, मांजर मजेत उन्हात लोळत असताना, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. त्या वेळी हात थरथरतात, नंबर सापडत नाही. माझं ऐका.

मनीचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी थरथर थांबली, पण जीभ सोललेली, त्यामुळे खाणं बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं की मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून दुसरंच दुखणं उभं राहतं, तेव्हा पिचकारीने का होईना, गालाच्या कडेने थोडंथोडं भरवा. उकडलेल्या चिकनचं पाणी, मीठ-मसाला-कांदा काही न घालता. आता आली का पंचाईत! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यातून नवरात्र, घट बसलेले. मी चिकनचा विषयच काढला नाही. काकूंकडे शिजवून आणावं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला मागच्या अंगणात बोलावलं. पडवीपलीकडे जुनी मातीची शेगडी काढून ठेवलेली, वर एक जर्मनचं पातेलं. म्हणाल्या, "हे पातेलं आता घरात आणायचं नाही. आणि ह्यांना काही बोलू नकोस." हे म्हणजे मामंजी. ते आतून म्हणाले, "मला वास येतोय." सासूबाई म्हणाल्या, "फिनेलचा असेल."

पाचव्या दिवशी मनीने स्वतःहून वाटीत तोंड घातलं. दहा दिवसांनी यकृताची रक्ततपासणी केली, ठीक आली. आता मोरीत फिनेल घालायचं तर बादलीभर पाण्यात झाकणभर, त्यानंतर साध्या पाण्याने पुन्हा धुवायची, दार लावायचं आणि फरशी खडखडीत वाळेपर्यंत उघडायचं नाही. झुरळं आहेत. असू देत.

लेक आता पुण्यात नोकरी करते. अष्टमीच्या रात्री तिचा फोन आला, मनीची चौकशी करायला. सगळं सांगून झालं, तरी मी फोन ठेवेना. म्हटलं, "बाळ्याचं सांगायचंय तुला." आणि सांगितलं. उंदराचं खोटं होतं, गोळीचं खरं होतं, दोनदा दिली हेही.

ती बराच वेळ गप्प होती. मी म्हटलं, "ऐकतेयस ना?"

"हो," ती म्हणाली. "आई, तुला तेव्हा माहीत होतं का?"

"नाही गं. परवा कळलं."

पुन्हा थोडा वेळ काही नाही. मग म्हणाली, "माझ्या रूममेटने मांजराचं पिल्लू आणलंय. तुझ्या वहीच्या पानांचे फोटो काढून पाठव."

मी रात्रीच काढले. अक्षर वाचता येत नाही म्हणाली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुवाच्य लिहून पाठवले.